जुन्या मापाचं रेलिंग

दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी मास्तरांच्या गळ्यातली टेप काही उतरली नव्हती. आंघोळीपुरती ती खुंटीवर जायची. बाहेर आल्यावर आधी टेप, मग चष्मा, मग सदरा, या क्रमाने मास्तर पुन्हा माणसात येत.

एकेचाळीस वर्षं त्यांनी बायकांचे कपडे शिवले. त्यामुळे रस्त्यात समोरून कोणी ओळखीचं आलं की "कशा आहात?" विचारण्याआधी तोंडातून माप निघायचं. "खांदा चौदा, बाही एकोणीस..." शेजारून चालणारी बायको कोपराने ढोसायची. "अहो, पुटपुटू नका. म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला मोजत सुटलाय म्हणतील!"

दुकानात त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली एक लाकडी पाटी होती. 'प्रत्येक वेळी नवीन माप घेतले जाईल.' एखादी बाई म्हणायची, "मास्तर, मागच्या वर्षीचं माप आहे की वहीत, त्यावरच शिवा." मास्तर हातातली कात्री खाली ठेवत. "बाई, कापड आटतं," ते म्हणत. खरं तर कापडाचा बिचाऱ्याचा काही दोष नसायचा. पण "तुम्ही सुटलात" असं गिऱ्हाइकाला सांगणारा शिंपी फार दिवस धंदा करत नाही. टेप फिरायची, नवा आकडा वहीत पडायचा, आणि बाई आणि मास्तर दोघंही त्या आकड्याबद्दल पुन्हा कधी बोलायचे नाहीत.

अशा या माणसाची बायको एका सकाळी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडली. तोच उंबरा ती तीस वर्षं रोज वीस वेळा ओलांडत होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि मुलगी तिला आपल्या गावी घेऊन गेली. तिथे इमारतीला लिफ्ट होती आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाई घरी यायच्या.

मास्तरही बरोबर गेले. मुलीचं घर छोटं. आतल्या खोलीत आई आणि नात, मास्तर बाहेर सोफ्यावर. सोफा त्यांच्यापेक्षा चार इंच आखूड होता, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मोजून जावयाला सांगितलं. जावई भला माणूस, त्याने पायाशी स्टूल लावून दिलं. पण सोफा-अधिक-स्टूल या जोडणीत मध्ये जी फट राहते, तिच्यात माणसाची झोप पडते. आठ दिवसांनी मास्तर म्हणाले, "मी जरा घर बघून येतो."

निघताना मुलीने त्यांना जिन्याशी गाठलं.

"बाबा, स्पष्ट बोलते. आई आहे त्या घरात परत येऊ शकत नाही. पाय ठेवावा तिथे काहीतरी आडवं आहे तुमच्याकडे."

"मी घर बदलून घेतो."

"घ्या. माझी एक मैत्रीण आहे, हेच काम करते, तिला पाठवते. पण मग आईने बिछान्यापासून बाथरूमपर्यंत एकटीने जाऊन परत यायला हवं. तुम्ही हात न धरता. तुम्हाला तरी कोण धरणार आहे? जमलं तर ती तिथे राहील. नाही जमलं तर इथे, कायमची."

"आणि मी?"

"तुम्हीही या ना." मुलगी म्हणाली, आणि दोघांचीही नजर एकदमच उघड्या दारातून सोफ्याकडे गेली.

बायको दाराशी वॉकर धरून उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं नाही. "येतो गं," असं लिफ्टच्या बटणाकडे बघत म्हणाले.

*

मुलीची मैत्रीण आर्किटेक्ट होती. पाठीला बॅग, हातात वही, आणि कुठलीही वस्तू फेकायची म्हटलं की कपाळावर आठी. "काका, आपण काही टाकायचं नाही," तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं. "घरात आहे त्यातूनच घर करायचं." मास्तरांना हे एकदम पटलं. चिंध्यांच्या गोधड्या करणाऱ्याला कोणी वेगळं काय शिकवणार? उंबरे निघाले, त्यांच्या फळ्या खिडकीखालच्या बाकाला लागल्या. बाथरूमचं दार काढून तेच सरकतं केलं. फोडलेल्या फरशीचे तुकडे अंगणातल्या उतारात गेले. भिंतींना चुन्याचा गिलावा झाला. दिव्यांची बटणं खाली आली आणि खिडकीची कडी बसल्या जागी हाताला लागेल अशी झाली.

मास्तर खुर्ची टाकून मध्येच बसत आणि प्रत्येक कामात माप सांगत. दोन दिवसांनी आर्किटेक्टने अगदी गोडीत त्यांना एक जबाबदारीचं काम दिलं: जुन्या लाकडातले खिळे उपटायचे. मास्तर ते इतक्या निष्ठेने करू लागले की गवंडी आणि मिस्त्री सुखाने काम करू लागले. निघालेले खिळे मास्तर बटणांच्या डब्यांत भरत, इंचाचे वेगळे, दीड इंचाचे वेगळे. वाकडे झालेले रविवारसाठी राखून ठेवत.

कारण रविवारी कोणी येत नसे. इतर दिवशी सकाळी नऊपासून ठोकाठोक, धूळ, आरडाओरडा. मास्तर कंटाळल्याचा आव आणत सगळ्यांसाठी पातेलंभर चहा टाकायचे. रविवारी तेच पातेलं एका कपासाठी फार मोठं वाटायचं. सामानावर चादरी टाकलेल्या. खोलीत कुठेही बसलं तरी समोर कोणीतरी चादर पांघरून बसल्यासारखं दिसायचं. मास्तर अंगणात फरशीच्या तुकड्यावर खिळे सरळ करत बसायचे. ठक, ठक. शेजारचा रेडिओ बंद झाला की हातोडीचा आवाज फारच एकटा पडायचा, म्हणून मग तेही थांबायचे.

संध्याकाळी सातला फोन. मुलीच्या घरी सगळे आजूबाजूला, त्यामुळे बायको तार पाठवल्यासारखी बोलायची.

"जेवलात?"

"हो. उकडलेली अंडी."

"कालही अंडीच होती."

"कालची वेगळी होती."

"कुंड्यांना पाणी?"

"घालतो. तू चालतेस का?"

"चालते की." आणि मग जरा थांबून, "ठेवू?"

फोन ठेवल्यावर सांगायच्या दहा गोष्टी आठवायच्या. मास्तर त्या खडूने कापडाच्या तुकड्यावर लिहून ठेवत. पण दुसऱ्या दिवशी सातला त्या वाचून दाखवाव्यात एवढ्या मोठ्या वाटत नसत.

*

शेवटी राहिलं रेलिंग. बिछान्यापासून बाथरूमपर्यंत पॅसेजच्या भिंतीला सलग आधार हवा होता. आर्किटेक्टची नजर बाहेरच्या खोलीतल्या कटिंगच्या टेबलावर पडली. दुकानातून आणलेलं सात फुटी सागवानी टेबल. एकेचाळीस वर्षांची कापडं त्यावरून घासून गेल्यामुळे काचेसारखं गुळगुळीत झालेलं.

"काका, हे...?" तिने भीत भीत विचारलं.

मास्तर थोडा वेळ टेबलावर हात फिरवत राहिले. "घ्या," ते म्हणाले. "तिचा अर्धा जन्म याच्यासमोर काज-बटणं करण्यात गेला. ओळख आहे तिची." आणि मग हौसेने म्हणाले, "ती पाटीही घ्या. चांगल्या लाकडाची आहे." त्या पाटीचं, दाराशी बसून चपला घालायला, एक छान बाकडं झालं.

रेलिंग करणारा मिस्त्री मास्तरांच्याच वयाचा, बोलायला कमी. तो दुकानातून तयार दांडे आणत नसे. माणूस बघून दांडा घडवायचा ही त्याची पद्धत. "मुठीचा अंदाज द्या," तो म्हणाला. मास्तरांनी स्वयंपाकघरातून बायकोचं लाटणं आणून दिलं. मिस्त्रीने ते मुठीत धरलं, फिरवलं, खूश झाला. "आता उंची. बाईंनी हात सैल सोडला की मनगटाचं हाड जिथे येतं, तिथे रेलिंगचा वरचा काठ."

"फोन लावू का?" आर्किटेक्ट म्हणाली. "तिथे कोणीतरी टेप धरून सांगेल."

मास्तरांचा चेहरा असा झाला, की जणू कोणी त्यांना रेडिमेड सदरा भेट दिला होता.

"माझ्या बायकोचं माप मी दुसऱ्याकडून मागवू? पोरी, ती पहिल्यांदा दुकानात आली ना, कचेरीतल्या समारंभासाठी पायघोळ गाऊन शिवायला, तेव्हाचं माप अजून तोंडपाठ आहे मला. खांद्यापासून जमिनीपर्यंत एक्कावन्न. खांद्यापासून मनगटापर्यंत साडेवीस. एक्कावन्नातून साडेवीस गेले, राहिले साडेतीस. लिहा, साडेतीस इंच."

"मास्तर," मिस्त्रीने पेन्सिल कानामागून काढली नाही. "हे कधीचं म्हणायचं?"

"माप जुनं होत नसतं, मिस्त्री. कापड जुनं होतं."

"लाकूड उसवता येत नाही, एवढंच म्हणतो."

"लिहा हो."

मिस्त्रीने लिहिलं. आर्किटेक्ट काहीतरी बोलणार होती, पण मास्तर तोपर्यंत त्या गाऊनचा रंग सांगू लागले होते. मोरपंखी. कमरेला बारीक चुण्या. ट्रायलला आली तेव्हा आरशासमोर ताठ उभी राहिली होती, आणि मागे गुडघ्यावर बसून खालची पट्टी टाचताना मास्तरांनी तीन टाचण्या स्वतःच्या बोटाला टोचून घेतल्या होत्या. सांगता सांगता ते स्वतःच हसले. मिस्त्री आणि आर्किटेक्टही हसले. मग संध्याकाळ झाली आणि दोघं आपापल्या घरी गेले.

*

शनिवारी दुपारी मुलगी आईला गाडीने घेऊन आली. मास्तर सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून फाटकाशी उभे. मुलीने वॉकर काढला, पाण्याची बाटली काढली, उशी काढली. आईची बॅग मागच्या डिकीतच राहिली. मास्तरांनी ती पाहिली, आणि पाहिली नाही असं केलं.

बायको उतार चढून दाराशी आली आणि सवयीने पाय उंच उचलला, उंबरा ओलांडायला. उंबरा नव्हताच. पाय हवेतून खाली आला आणि ती दचकली.

"अगं, काढला तो," मास्तर म्हणाले.

"सांगायचं तरी. तीस वर्षांची सवय आहे पायाला." पण ती हसली. बटणं लावून-बंद करून पाहिली. सरकतं दार एका बोटाने सरकवलं आणि "अगंबाई!" म्हणाली. नव्या बाकड्यावर टेकली, चुन्याच्या भिंतीला तळवा लावला. मास्तर तिच्या मागे मागे, परीक्षेचा पेपर तपासणाऱ्या बाईंच्या मागे फिरणाऱ्या पोरासारखे.

मग मुलगी म्हणाली, "चल आई. बघू या."

ती बिछान्यावर बसली, उठली. वॉकर बाजूला ठेवला. रेलिंगला हात घातला. मूठ बरोब्बर बसली. "लाटण्यासारखं आहे," ती म्हणाली. मास्तरांनी विजयी मुद्रेने मुलीकडे पाहिलं.

पण हात चढला तसा खांदाही चढला. कानाशी आला. कोपर बाहेर गेलं. तिने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. अंगाचा भार त्या हातावर येईना; ती आधाराला टेकत नव्हती, आधाराला लोंबकळत होती. चौथ्या पावलाला थांबली.

"मी काय वर्गात हात वर करून उभी आहे का, अहो?" तिने चेष्टा करून पाहिली. सहाव्या पावलाला कोपर थरथरू लागलं. मुलीने धावत जाऊन खुर्ची तिच्यामागे सरकवली.

"बास, आई. बास."

बाथरूमचं सरकतं दार समोर उघडं होतं, अजून आठ पावलांवर.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आपलं ठरलं होतं."

मास्तर रेलिंगकडे बघत होते. बायको मात्र त्यांच्याकडे बघत होती.

"तुमच्या दुकानातली पाटी कुठे गेली हो?" तिने विचारलं.

"तिचं... बाकडं केलं. दाराशी. तू बसलीस ना मघाशी."

"तरीच." ती खुर्चीचे हात धरून उभी राहिली. "घ्या माप."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. एकेचाळीस वर्षांत ती कधी एवढी जड लागली नव्हती. एक टोक तिच्या खांद्यावर ठेवून मुलीला धरायला सांगितलं आणि ते गुडघ्यांवर बसले. दोन्ही गुडघे कटकन वाजले. टेप जमिनीला टेकली. त्यांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"किती?" मुलीने विचारलं.

"साडेसत्तेचाळीस."

साडेतीन इंच. एवढं कापड शिवणीतही कोणी दाबत नाही. मास्तर खालूनच वर पाहत राहिले. ती पुढे झुकली होती, मान खांद्यांत उतरली होती, आणि हे काही खुब्याने एका सकाळी केलेलं नव्हतं. हे रोज थोडं थोडं झालं होतं, त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्यासमोर चहा पिता पिता. त्यांनी सगळ्या गावाला मोजलं होतं.

ते उठले आणि हाताचं माप घेतलं. "साडेवीस," ते एकदम म्हणाले. "हात तेवढाच आहे बघ!"

"मग काय तोही आटायला हवा होता?" बायको म्हणाली. मुलगी तोंड फिरवून खिडकीशी गेली. तिथूनच म्हणाली, "पंधरा दिवसांनी परत आणते. एकदाच हं, बाबा. नंतर नाही."

चहा घेऊन त्या गेल्या. बॅग डिकीतच होती.

*

सोमवारी मिस्त्री आला. मास्तरांनी न विचारताच सांगितलं, "सत्तावीस."

मिस्त्रीने "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. कानामागची पेन्सिल काढली आणि समोरच्या भिंतीवर खूण केली. "टेबलाचं निम्मं लाकूड मी ठेवून दिलंय. दुसरं करतो, या बाजूला."

"आणि हे चुकीचं? हे काढा की."

"कशाला? त्याला धरून उभे आहात तुम्ही."

मास्तरांनी खाली पाहिलं. खरंच, बोलता बोलता त्यांचा हात रेलिंगवर विसावला होता. खांदा सैल, कोपर सैल, मनगट अगदी काठाशी.

"मी सहज टेकलोय," ते रागाने म्हणाले.

"हो, सहजच टेकतात," मिस्त्री म्हणाला आणि भोक पाडायचं यंत्र सुरू केलं.

चार दिवसांत नवं रेलिंग लागलं. त्यानंतर घरात यायला कोणीच उरलं नाही. काम संपलं होतं, चादरी निघाल्या होत्या, आर्किटेक्टही दुसऱ्या कोणाच्या घरातले उंबरे काढायला गेली होती. घर नवंकोरं, आणि मास्तरांना वाटे आपण कोणाच्या तरी घरी लवकर येऊन बसलो आहोत. यजमानीण अजून यायची आहे.

रोज दुपारी ते गुडघे वाकवून, मान खांद्यांत घालून, सत्तावीस इंचांवर हात ठेवून बिछान्यापासून बाथरूमपर्यंत चालायचे आणि परत यायचे. पोस्टमनने एकदा खिडकीतून पाहिलं आणि पत्र हळूच टाकून निघून गेला. त्या उंचीवरून चालताना मास्तरांना नव्याच गोष्टी कळू लागल्या. घड्याळावर खिडकीचा उजेड पडतो, काटे दिसत नाहीत. आरशात फक्त कपाळ दिसतं. चहाच्या डब्याच्या फडताळापर्यंत हात पोचत नाही. ती किती वर्षं टाचा उचलून तो डबा काढत होती, आणि त्यांना वाटायचं, बायकांना टाचा उचलायची सवयच असते. त्यांनी घड्याळ खाली आणलं, आरसा खाली आणला, डबा खाली आणला. रेलिंगला जिथे जिथे बोट अडलं तिथे पॉलिश पेपर मारला. रविवारी तर दोनदा.

सातच्या फोनवर यातलं काही सांगितलं नाही.

"जेवलात?"

"हो."

"अंडी?"

"बटाटे."

"वा. सुधारलात."

*

ठरल्या शनिवारी गाडी आली. या वेळी बायकोने दाराशी पाय उचलला नाही. तसाच पुढे टाकला. बिछान्यावर बसली, दम घेतला, उठली. डावा हात नव्या रेलिंगवर ठेवला. खांदा जागच्या जागी राहिला.

मुलगी बिछान्याशी, मास्तर पॅसेजच्या दुसऱ्या बाजूला. एक, दोन, तीन. सहाव्या पावलाशी ती थांबली, आणि मास्तरांचा हात आपोआप पुढे गेला.

"लांब राहा," बायको म्हणाली. "मध्ये येऊ नका."

ते भिंतीला चिकटले. सात. आठ. शेवटी तिने एका बोटाने दार सरकवलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

बाहेर दोघं उभे. मुलगी घड्याळाकडे बघत होती. ते आता दिसत होतं. आत काहीच आवाज नाही. मास्तरांच्या ओठांवर आकडे येऊन विरत होते. मग नळाचं पाणी वाजलं. दार सरकलं आणि ती उजव्या हाताने रेलिंग धरून परत निघाली, तोंडावर पाणी मारलेलं, केस कपाळाला चिकटलेले.

"आरसा खाली आलाय," ती म्हणाली. "किती वर्षांनी हनुवटी दिसली माझी. नसती दिसली तरी चाललं असतं."

चौदा पावलं जाताना, चौदा येताना. ती बिछान्यावर बसली. मुलीने गाडीची किल्ली उचलली आणि ती बाहेर गेली. डिकी उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा, मग बॅगेची चाकं अंगणातल्या फरशीच्या तुकड्यांवरून खडखडत उतार चढू लागली.

बायको समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"ते वरचं रेलिंग काढलं नाही ते?"

"तुझंच आहे ते," मास्तर म्हणाले. "मोरपंखी गाऊनच्या वेळचं."

"मग तुम्ही का धरून उभे आहात?"

मास्तरांनी हात झटकन काढून घेतला. आणि बॅग आत आणायला मदत करावी म्हणून वळताना पुन्हा धरला.